ईशापूरची जुनी थ्री-नॉट-थ्री पहिल्यांदा रेंजवर नेताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. टेक्सासमधल्या एका गन शोमध्ये तुम्ही ईशापूरची, म्हणजे बंगालमधल्या सरकारी रायफल कारखान्याची, .३०३ (थ्री-नॉट-थ्री) ली-एनफिल्ड घेतली, नंबर १ मार्क ३ स्टार, बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) खालच्या पट्टीवर १९४३ कोरलंय. विकणाऱ्याने 'एकदम मस्त चालते' म्हणत सोबत जुन्या काडतुसांची दोन पाकिटं फुकट दिली. आता शनिवारी घराजवळच्या इनडोअर रेंजवर जायचंय, आणि तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: गोळी कुठली वापरू, टार्गेट किती लांब लावू, आणि आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते तर ही रायफल त्यांच्या पलटणीची असू शकेल का.

मी इथल्या एका क्लबात बरीच वर्षं रेंज ऑफिसर म्हणून उभा राहतो आणि स्वतः जुन्या लष्करी रायफलींच्याच मॅचेस खेळतो, त्यामुळे अशी नवी घेतलेली जुनी रायफल घेऊन आलेली माणसं नेहमी बघतो. सगळ्यांचा प्रश्न गोळीपासून सुरू होतो, पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: ही रायफल झाडण्याच्या लायकीची आहे हे तुम्हाला नक्की कोणी सांगितलं? विकणाऱ्याने सांगितलं त्याला मी धरत नाही. ऐंशी वर्षांत या रायफलीचे किती पार्ट बदलले, कोणी बदलले, ती कुठल्या गोदामात पडून होती हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, पहिल्या दिवशी टार्गेटचा विचार सोडा, पहिला दिवस पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची झाडल्यावर उरणारी पितळी कवचं, बघण्यासाठी असतो. गोळी कुठे लागली यापेक्षा रिकामी पुंगळी कशी बाहेर आली हे जास्त महत्त्वाचं.

आता यातलं बरंचसं तुमच्या रायफलीच्या अवस्थेवर अवलंबून आहे आणि ती मी बघितलेली नाही, त्यामुळे 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं इथून सांगणं शक्य नाही. काय बघायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी ती खरंच .३०३ आहे का ते बघा. हसू नका. ईशापूरने पोलीस आणि जेलच्या पहारेकऱ्यांसाठी याच रायफलीची .४१० मस्केट बनवली होती, आतून गुळगुळीत नळी, एका वेळी एकच राउंड (काडतूस), आणि तिचं काडतूस म्हणजे .३०३ चीच पुंगळी मानेशिवाय सरळ ठेवलेली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि त्याही सरप्लस, म्हणजे लष्कर-पोलिसांनी काढून टाकलेला माल, म्हणून इकडे अमेरिकेत भरपूर आल्यात. .३०३ चं काडतूस त्यात बसूही शकतं, आणि तिथेच सगळा घोळ आहे. बोल्ट काढा, मागून नळीत बघा, समोर टॉर्च किंवा नुसता पांढरा कागद धरा. पाच खाचा डावीकडे पिळत गेलेल्या दिसल्या पाहिजेत, एनफिल्डचं रायफलिंग असंच असतं. गुळगुळीत पाइप दिसला तर विषय तिथेच संपला. हे बघताना नळीत चिंधीचा तुकडा, गांधिलमाशीचं घर, घट्ट झालेलं ग्रीस असलं काही अडकलेलं नाही ना तेही बघून होतं.

दुसरं म्हणजे 'डीपी' हा शिक्का. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना आठवत असेल, परेडला हातात यायची ती थ्री-नॉट-थ्री डीपी असायची, ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीची, आणि फायरिंगला मात्र .२२ द्यायचे. डीपी करताना कुठे फायरिंग पिन कापतात, कुठे चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) भोक पाडतात, तर कधी रायफल मुळातच झिजून बाद झालेली असते म्हणून डीपी होते. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा), नळी, खांद्याला लावायचा लाकडी दस्ता, तिन्हीकडे नीट बघा, लाकडाखालीही बघा, कारण लाकूड बदललं की दस्त्यावरचा शिक्का जातो आणि लोखंडावरचा तेवढा राहतो. डीपी दिसलं तर ती भिंतीवर लावा, छान दिसेल. तिला 'दुरुस्त करून घेतो' म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

तिसरं, नंबर. रिसीव्हरवर पुढे उजव्या बाजूला एक नंबर आहे आणि बोल्टच्या हँडलच्या मागच्या सपाट भागावर एक. दोन्ही एकच असतील तर चांगलं लक्षण. वेगळे असतील तर रायफल खराब आहे असं नाही, पण हा बोल्ट दुसऱ्याच कुठल्या तरी रायफलीतून आलाय एवढं नक्की, आणि इंपोर्ट करताना बोल्ट एका पेटीत आणि रायफली दुसऱ्या पेटीत असं सर्रास व्हायचं. नंबर जुळले तरी बोल्टचं पुढचं डोकं स्क्रूने लागणारं सुटं असतं आणि त्यावर नंबर नसतो, ते कोणीही बदललेलं असू शकतं. म्हणून नंबर जुळोत न जुळोत, पुढची पायरी टाळायची नाही.

ती पायरी म्हणजे हेडस्पेस. साध्या भाषेत, बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडाला मागे सरकायला किती जागा उरते ते. .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि हे माप त्या कडेवर घेतात. त्यासाठी गेज, म्हणजे ठराविक मापाचे धातूचे तुकडे, मिळतात: 'गो' गेज ०.०६४ इंचाचं, त्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, आणि ०.०७४ च्या 'फील्ड' गेजवर बंद होता कामा नये. जागा जास्त असली की काडतूस फुटताना मागे ढकललं जातं, पितळ ताणलं जातं आणि कधी कधी बुडाच्या वर गोल चिरून दोन तुकडे होतात, पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि गरम गॅस मागे तुमच्या चेहऱ्याकडे येतो. हे गेज विकत घेण्यापेक्षा जुन्या लष्करी रायफली हाताळणारा गनस्मिथ शोधा. नुसत्या एआरसारख्या आधुनिक रायफली विकणारा नको, ली-एनफिल्ड उघडलेला माणूस हवा. त्याला म्हणावं हेडस्पेस बघ, फायरिंग पिन किती बाहेर येते बघ, चेंबर बघ आणि सेफ्टी लावून चाप ओढल्यावर काय होतं ते बघ. जे पैसे घेईल ते द्या. शनिवारपर्यंत तो मोकळा नसेल तर शनिवार पुढे ढकला, रायफल १९४३ पासून थांबलीय, अजून दोन आठवडे थांबेल.

काही लोक सांगतात की रायफल जुन्या टायरला बांधा, चापाला दोरी लावा आणि लांबून ओढा. माझं मत विचाराल तर जिला दोरीने झाडावंसं वाटतंय ती झाडूच नये. दोरीने एक राउंड नीट गेला म्हणून विसावा नीट जाईल असं काही नाही, आणि गेजने जे कळतं ते दोरीने कळत नाही.

स्वच्छतेचं. सरप्लस रायफल बहुतेक वेळा कॉस्मोलीनमध्ये बुडवून ठेवलेली असते, ते तपकिरी चिकट ग्रीस. तुमची वरून पुसलेली असेल, पण बोल्टच्या आत, फायरिंग पिनच्या स्प्रिंगभोवती आणि चेंबरच्या कोपऱ्यात ते हमखास राहतं. मिनरल स्पिरिट्स घ्या, चिंध्या घ्या, बोल्ट उघडून धुवा, चेंबरमध्ये ब्रश फिरवा आणि नंतर कोरडं करा. कोरडं यावर जोर देतोय, कारण नवशिके प्रेमाने चेंबरमध्ये तेल सोडतात. पितळाची पुंगळी फुटताना चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि थोडा भार स्वतः घेते, तेल असलं की ती सटकते आणि सगळा दणका बोल्टवर येतो. ली-एनफिल्डचा बोल्ट ज्यांनी अडकून बंद राहतो त्या कड्या मागच्या बाजूला आहेत, पुढे नाहीत, त्यामुळे तिला हा लाड अजिबात मानवत नाही. झाडण्याआधी नळी आणि चेंबर कोरडे, तेल नंतर.

हो, आणि दस्ता हलत असेल तर मागून स्क्रूड्रायव्हर घालून दस्ता धरून ठेवणारा आतला लांब स्क्रू (त्यालाही बोल्टच म्हणतात) पिळू नका. आधी पुढचं लाकूड उतरवावं लागतं. दस्त्याच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं, ते फिरलं की लाकूड मागून चिरतं. इतक्या चांगल्या रायफली असल्या हौसेपायी चिरलेल्या बघितल्यात की आता कोणी स्क्रूड्रायव्हर काढला की मी आपोआप तिकडे चालू लागतो.

आता गोळी. फुकट मिळालेल्या पाकिटांचा फोटो तुम्ही टाकलाय, काडतुसाच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरं, मध्ये बाण, खाली साल. ही आपल्या पुण्याच्या खडकी ॲम्युनिशन फॅक्टरीची. १८६९ ची फॅक्टरी, म्हणजे ईशापूरची रायफल आणि खडकीचं काडतूस टेक्सासमध्ये एकत्र आलंय, गंमत आहे. पण झाडू नका. फॅक्टरीचा काही दोष नाही, त्या काळची सगळ्यांचीच काडतुसं तशी. बुडावर नुसतं 'VII' हे रोमन सात असेल तर आत कॉर्डाइट आहे, शेवयांसारख्या काड्या, आणि शेवटी झेड असेल तर दुसरी पावडर. दोन्हीत टोपी (बुडातली, पिन आदळल्यावर ठिणगी पाडणारी) मात्र जुन्या पद्धतीची, झाडल्यावर नळीत क्षार सोडणारी. तो क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि नळी आतून गंजते. त्याहून वाईट म्हणजे इतकी जुनी काडतुसं कुठल्या उन्हातान्हात पडली होती ते कळत नाही. चाप ओढला, टक झालं, काहीच नाही, आणि मग क्षणाने धाड, असं होऊ शकतं. ती पाकिटं आजोबांच्या फोटोशेजारी ठेवा.

झाडायला नवीन, फॅक्टरीत आत्ता बनलेली घ्या. सर्बियाची प्रवी पार्टिझान किंवा चेक सेलियर अँड बेलो, गोळी १७४ किंवा १८० ग्रेन वजनाची, पूर्ण जॅकेटची, म्हणजे शिशावर पूर्ण धातूचं आवरण असलेली. १७४ ग्रेन हे मूळ लष्करी मार्क ७ काडतुसातल्या गोळीचंच वजन, त्यामुळे साइट्स जवळपास त्याच हिशोबात चालतात. स्वस्त नाहीत, राउंडला डॉलरच्या वरच जातं, पण पहिल्या दिवसाला एक पाकीट, म्हणजे वीस, भरपूर झाले. कोणी गन शोमध्ये पिशवीतून रिलोड केलेली देत असेल तर नको म्हणा, दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी कधीच झाडत नाही, ओळखीच्याचंही नाही.

आता रेंज, कारण इनडोअर म्हणालात. आधी फोन करा. बऱ्याच इनडोअर रेंज फक्त पिस्तूल घेतात किंवा रायफलला वेगाची मर्यादा घालतात, मागची लोखंडी पाटी तेवढा मार झेलणारी नसते. काउंटरवर तुमच्या काडतुसाला लोहचुंबक लावतील, चिकटलं तर परत पाठवतील, कारण आत किंवा जॅकेटमध्ये स्टील आहे. जुन्या सरप्लसमध्ये हे नेहमीचं, नव्या गोळ्याही घरीच चुंबक लावून बघा. माझा सल्ला विचाराल तर पहिल्यांदा उघड्यावरची रेंज बघा. छताखाली .३०३ चा आवाज म्हणजे छातीत बसतो, १६० डेसिबलच्या आसपास, शेजारच्या लेनमधला ९ एमएमवालाही दचकतो, आणि तुमचं लक्ष रायफलीकडे राहण्याऐवजी आवाजाकडे जातं. आत असो की बाहेर, कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. चष्मा बाजूने बंद असलेला. साधा नंबरचा चष्मा पुरत नाही, त्यावरून दुसरा घाला.

गाडीत नेताना रिकामी, केसमध्ये, कुलूप लावून, डिकीत, गोळ्या वेगळ्या. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत पण असं नेलं की बहुतेक ठिकाणी कटकट होत नाही. ग्रीन कार्ड आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून तुमचं ठीक, पण सोबत एच-१बी वाला मित्र येणार असेल तर सावध. नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स वगैरे मोजकेच अपवाद आहेत. 'घे एक मारून बघ' म्हणून हातात देण्याआधी त्याला स्वतः चौकशी करू द्या, त्याच्या व्हिसाचा प्रश्न आहे. आणि भारतातून हे वाचणाऱ्यांना, तिकडे .३०३ प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य लायसन्सवर न मिळणारी, आहे, लायसन्सवर मिळते ती .३१५, सांगाडा ली-एनफिल्डचाच पण काडतूस वेगळं, त्यामुळे यातलं सगळं जसंच्या तसं लावू नका.

रेंजवर पोचल्यावर रेंज ऑफिसरला सरळ सांगा की रायफल नवीन आहे आणि पहिल्यांदाच झाडतोय. कोणी हसत नाही, उलट आम्ही शेजारची लेन मोकळी ठेवतो. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये ते रिकामं असल्याचं दाखवणारा पिवळा फ्लॅग, नळीचं तोंड कायम समोर. 'सीज फायर' ऐकू आलं की हात रायफलीवरून काढायचा आणि लाइनच्या मागे यायचं, त्या वेळात साइटला हात लावायचा मोह पण नको.

पहिला राउंड एकच भरा, मॅगझिनमध्ये दाबून, आणि बोल्टने पुढे ढकला. बोल्ट बंद करताना शेवटी स्प्रिंग लागते, ही रायफल पुढे ढकलताना कॉक होते, माऊझरसारखी हँडल उचलताना नाही, त्यामुळे काहीतरी अडकलंय असं वाटून सोडू नका. दस्ता खांद्यात घट्ट ओढा, मागची पितळेची पाटी सैल धरली तर निळं करून सोडते. झाडा. मग बोल्ट हळू उघडा, पुंगळी उडवू नका, हातात घ्या. टक झालं आणि गोळी गेली नाही तर तोंड समोर ठेवून पूर्ण मिनिटभर थांबा, मगच उघडा. आवाज फुसका आला तर अजिबात दुसरा राउंड नाही, बोल्ट काढून नळी बघा, गोळी आत अडकली असेल.

आता ती पुंगळी उजेडात फिरवा. खांद्याजवळ थोडी फुगलेली आणि पुढे सरकलेली दिसेल, त्याने घाबरू नका, चिखलमातीत चालावी म्हणून या रायफलींचं चेंबर मुळातच ऐसपैस ठेवलंय. बघायचं ते खाली, बुडाच्या कडेपासून साधारण बोटाच्या नखाएवढं वर. तिथे पितळाला एक चकचकीत गोल रेघ उमटली असेल तर तिथे ते ताणलं गेलंय. पेपरक्लिप सरळ करून टोकाला छोटा आकडा करा, तो पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून तळाकडून वर ओढा, त्या रेघेपाशी टोक खाचेत अडकलं की समजा पुढच्या वेळी तिथूनच तुटणार. क्लबात एकाच्या रायफलीची पहिलीच पुंगळी अशी निघाली होती, बाहेरून नुसती रेघ आणि आत आकडा स्पष्ट अडकत होता, तो माणूस म्हणत होता की पण गोळी तर बरोबर मध्यभागी लागलीय. लागली असेल. रायफल केसमध्ये गेली. मग टोपी बघा: मागे बाहेर आलेली, भोक पडलेली किंवा भोवती काजळी असली तरी तेच, थांबा आणि गनस्मिथकडे. सगळं ठीक असेल तर पुन्हा एक, मग परत एक, प्रत्येक पुंगळी क्रमाने पाकिटात उलटी ठेवत. पाच नीट निघाल्या की मग मॅगझिनमध्ये दोन-तीन भरा. चार्जरने (पाच काडतुसं एकत्र धरणारी धातूची पट्टी) पाच-पाच भरायची हौस त्यानंतर कधीतरी, आणि तेव्हाही वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना ते बघून, नाहीतर मॅगझिनमध्ये अडकून बसतात.

टार्गेट किती लांब, याचं उत्तर आता सोपं आहे: २५ यार्ड, आणि मोठा कागद. एवढ्यावर गोळी कागदावर कुठे पडते आणि तीन गोळ्या एकमेकांजवळ पडतात का एवढंच बघायचं. या साइटचा सगळ्यात खालचा आकडा २०० यार्डांचा, त्यामुळे पुढे १०० वर गेलात की दोन-चार इंच वर लागेल, ते चूक नाही, रायफल तशीच लावलेली असते. खाली धरा. पुढची साइट ठोकून सरकवायची घाई करू नका, एकाच दिवसाच्या गटावर ठरवू नये, आणि तिच्या वेगवेगळ्या उंचीच्या पाती मिळतात, त्या नंतर बघता येतील. गोळ्या डावी-उजवीकडे विस्कटत असतील तर आधी लाकडाचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा, ली-एनफिल्डची अर्धी नेमबाजी तिच्या लाकडात असते.

घरी येताना हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, शिशाची धूळ असते, त्याच हाताने सँडविच खाऊ नका. नवी काडतुसं वापरली असतील तर साधी सफाई पुरते. कधीकाळी जुनी सरप्लस झाडलीच तर मात्र आधी उकळतं पाणी मागून नळीत ओतायचं, क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल.

राहिला आजोबांचा प्रश्न. ईशापूर आणि १९४३ एवढ्यावरून ती त्या वर्षी बंगालमध्ये बनली एवढंच सांगता येतं. जुन्या रायफलींच्या दस्त्यावर उजवीकडे पितळेची चकती असायची आणि तिच्यावर पलटणीचं नाव कोरायचे, पण युद्धाच्या काळात ती चकती बसवणं बहुतेक बंद झालं होतं, आणि दस्ते तर दुरुस्तीत सारखे बदलले जायचे. तुमच्या दस्त्यावर चकती किंवा तिच्या जागी लाकडाचा गोल तुकडा बसवलेला दिसला तर जवळून फोटो टाका, सोबत बोल्टच्या हँडलच्या नंबरचाही. पलटण सापडेल असं वाटत नाही, पण बोल्ट तिचाच आहे की नाही ते तरी कळेल.